लाटेवर चालणारा पंप: आधी लहान लाट मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वेंगुर्ल्याच्या बाजूला कातळकड्यावर, समुद्रपातळीपासून साधारण १० मीटर उंचीवर तुमची जागा आहे. तिथे कोळंबीच्या बीजासाठी टाक्या बांधायच्या आहेत आणि रोज दीड-दोन लाख लिटर खारं पाणी लागणार आहे. लाइटचा भरवसा नाही. खाली लाटा रात्रंदिवस आपटतायत, तर मधे वीज न बनवता त्या लाटांनीच थेट पंप चालवता येईल का?

येईल. समुद्राचं पाणी उचलणाऱ्या पंपांवर मी तीस वर्षं काम करतोय, आणि लाटेकडून करून घेण्यासारख्या कामांत पाणी उपसणं हे सगळ्यात सरळ काम आहे असं माझं मत आहे. लाट जड असते, संथ असते आणि लहरी असते. सात-आठ सेकंदांनी एकदा येते, कधी गुडघाभर तर कधी छातीभर. जनित्राला यातलं काहीच चालत नाही, त्याला मिनिटाला हजार-दीड हजार फेरे एका लयीत हवे असतात. दट्ट्याच्या पंपाला मात्र लय लागत नाही. एक लाट वीस लिटर देईल, पुढची पाच, त्यानंतरची काहीच नाही. टाकी भरत राहते. पायरहाटावर चढलेला माणूस घड्याळ लावून पाय मारत नव्हता, तरी आगराला पाणी पोचत होतंच.

ही कल्पना जुनी आहे. १७९९ साली पॅरिसमध्ये जिरार नावाच्या बापलेकांनी लाटेच्या ताकदीचं पेटंट घेतलं. जहाज लाटेवर वर-खाली होतं, त्याला लांब तरफ जोडायची आणि तिने पंप, गिरण्या, करवती चालवायच्या, असा त्यांचा विचार होता. ते प्रत्यक्षात आलं नाही. तुमच्या कामाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझचं आहे. तिथे १८९८ मध्ये आर्मस्ट्राँग बंधूंनी समुद्रकड्यात विहिरीसारखा उभा खड्डा खणून त्याचा तळ समुद्राला जोडला. बाहेर लाट चढली की विहिरीतलं पाणी चढायचं, त्यावरचा तरंगक चढायचा आणि पंप समुद्राचं पाणी वरच्या ५,००० गॅलनच्या टाकीत ढकलायचा. ते पाणी गाड्यांत भरून धुळीच्या रस्त्यांवर शिंपडत. हे यंत्र १९१० च्या सुमारापर्यंत, म्हणजे दहा-बारा वर्षं चाललं. त्याच किनाऱ्यावर रेडोंडो बीचला वीज बनवण्यासाठी समुद्रात खांब रोवून उभारलेला मोठा सांगाडा १९०९ मध्ये कोसळला. मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. सांताक्रूझच्या विहिरीत लाटेची फक्त वर-खाली होणारी हालचाल आत येत होती, फुटणारी लाट कड्यावरच थांबत होती.

आपल्याकडे विळिंजमला, केरळात, आयआयटी मद्रासच्या लोकांनी १९९१ मध्ये १५० किलोवॅटचं लाटेचं केंद्र उभं केलं. सुमारे ३,००० टनांची काँक्रीटची पोकळ पेटी समुद्रात बसवली. पेटीतलं पाणी वर-खाली झालं की कोंडलेली हवा आत-बाहेर ढकलली जायची आणि त्या हवेवर वेल्स टर्बाइन (हवा आत जावो की बाहेर, एकाच दिशेने फिरणारं चक्र) फिरायचं. या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच केंद्राच्या विजेवर समुद्राचं पाणी गोडं करण्याचा, रोज १०,००० लिटरचा, संच चालवून दाखवला गेला. माझ्या दृष्टीने ते फार मोलाचं काम आहे. पण त्यातला रस्ता बघा: लाटेतून हवा, हवेतून टर्बाइन, टर्बाइनमधून वीज, विजेतून पुन्हा पंप. प्रत्येक टप्पा आपला वाटा कापून घेतो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांपाशी २००९ मध्ये बसवलेल्या ‘ऑयस्टर’ या लाटेच्या यंत्रातून तर वीजच बनवायची होती. तरी ते बनवणाऱ्यांनी समुद्रतळावर बिजागरीचा मोठा दरवाजा उभा केला, त्याने दट्टे हलवून दाबाचं पाणी किनाऱ्यावर आणलं आणि टर्बाइन जमिनीवर ठेवलं. म्हणजे लाटेचं पहिलं रूपांतर त्यांनाही पंपातच करावंसं वाटलं.

आता आकड्यांकडे येऊ. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

लाटेची ताकद ढोबळमानाने काढायची तर उंचीचा वर्ग गुणिले कालावधी, त्याचं निम्मं. उंची मीटरमध्ये, दोन लाटांमधला वेळ सेकंदांत, आणि उत्तर किनाऱ्याच्या दर मीटर लांबीमागे किलोवॅटमध्ये येतं. कोकण किनाऱ्यावर उघडिपीच्या महिन्यांत ०.८ मीटर उंची आणि ७ सेकंद धरा. उत्तर येतं सव्वादोन किलोवॅट. जुलैत ३ मीटर आणि ९ सेकंद धरा, ४० किलोवॅट येतं. उंची चौपटसुद्धा वाढली नाही, पण ताकद अठरापट झाली. म्हणून जुलैत कड्यावर उभं राहून, खाली उसळणारा फेस बघून जो पंप आखतो त्याचा पंप फेब्रुवारीत हलत नाही. आणि पाणी तुम्हाला फेब्रुवारी ते मेमध्येच लागणार आहे. तेव्हा हिशोब लहान लाटेवर करायचा आणि मजबुती मोठ्या लाटेवर मोजायची.

दुसरी गोष्ट, ‘०.८ मीटर उंचीची लाट’ याचा अर्थ नीट समजून घ्या. हवामानखात्याच्या किंवा इन्कॉइसच्या (समुद्राचे अंदाज देणारी केंद्र सरकारची संस्था) अंदाजात जी उंची देतात ती सगळ्या लाटांची सरासरी नसते. सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. सगळ्या लाटांची सरासरी त्याच्या ०.६३ पट भरते, म्हणजे इथे अर्धा मीटर.

आता पंप घ्या. तरंगक गोल, २ मीटर व्यासाचा. तो एक मीटर जास्त बुडवायला सुमारे ३,२०० किलो जोर लागतो. दट्ट्या ३० सेंटिमीटर व्यासाचा धरा. तुमची १० मीटर उंची आणि पाइपातलं घर्षण मिळून १२ मीटरचा उपसा. एवढ्या पाण्याला वर ढकलायला दट्ट्यावर सुमारे ८७० किलो ओढ हवी. तरंगक ही ओढ कुठून आणणार? जास्त बुडून. ८७० भागिले ३,२००, म्हणजे २७ सेंटिमीटर. याचा अर्थ लाटेची पहिली २७ सेंटिमीटर चढण तरंगक बुडण्यातच जाते, दट्ट्या तोवर जागचा हलत नाही. मी हे इतकं खोलात सांगतोय कारण मला दाखवायला आणलेल्या बहुतेक आराखड्यांत हे २७ सेंटिमीटर धरलेलेच नसतात.

सगळ्या लाटा ०.८ मीटरच्या असत्या तर दट्ट्या ५३ सेंटिमीटर उचलला गेला असता आणि दर लाटेला ३७ लिटर पाणी मिळालं असतं. पण खऱ्या समुद्रात लाटा लहान-मोठ्या येतात. काहींची उंची २७ सेंटिमीटरपेक्षाही कमी असते आणि त्या काहीच देत नाहीत. सगळ्यांचा हिशोब केला की सरासरी उचल २५ सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे १७-१८ लिटर. झडपांची गळती वजा केली की १६ लिटर धरा. सात सेकंदांना एक लाट म्हणजे दिवसाला १२,३०० लाटा. एकूण जवळजवळ दोन लाख लिटर. तुमची गरज भागते.

दट्ट्या मोठा घेतला तर जास्त पाणी मिळेल का, असं तुम्ही विचाराल. दट्ट्या मोठा म्हणजे ओढ जास्त, म्हणजे तरंगक आधी आणखी बुडणार. एकसारख्या लाटांसाठी गणित सांगतं की लाटेची निम्मी उंची बुडण्यात गेली की काम सगळ्यात जास्त होतं. पण लाटा एकसारख्या नसतात. त्यामुळे ०.८ मीटरच्या समुद्रात पाव ते एक-तृतीयांशावर थांबावं असा माझा अनुभव आहे. म्हणजे शांत दिवशीही थोडं पाणी येत राहतं.

आता तुमचं भलं बघून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दोन लाख लिटर पाणी १२ मीटर चढवायला साध्या विजेच्या पंपाला दिवसाला तेरा-चौदा युनिटं लागतात. पाऊण-एक एचपीची मोटर चोवीस तास चालली की झालं. लाइट दिवसातले सोळा तास जरी येत असली तरी दीड एचपीची मोटर आणि मोठी टाकी एवढ्यात तुमचा प्रश्न सुटतो, आणि लाटपंपापेक्षा फार कमी खर्चात. लाटेचा पंप मी तीन ठिकाणी मनापासून सुचवतो: जिथे तारा पोचलेल्याच नाहीत, जिथे रात्री पाणी बंद पडलं तर माल मरतो आणि दुसरा आधार हवा आहे, किंवा जिथे उंची जवळजवळ नसून पाणी प्रचंड हवं आहे. बीजाच्या टाक्या दुसऱ्या प्रकारात बसतात, म्हणून मी तुम्हाला नाही म्हणत नाही. पण मोटरही ठेवा.

तळी अगदी सखल जागी असती तर मी पंपाचं नावही काढलं नसतं. मिठागरवाले पिढ्यान्‌पिढ्या उधाणाच्या भरतीला उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडून पाणी आत घेतात. नॉर्वेत बर्गनजवळ १९८५ मध्ये निमुळत्या होत जाणाऱ्या चॅनेलमधून लाटा चढवून तीन मीटर उंचावरचा तलाव भरण्याची सोय केली होती, एकही हलता भाग न लावता. पण तिथे भरती-ओहोटीतला फरक कमी. आपल्याकडे सिंधुदुर्गात उधाणाला तो दोन-सव्वादोन मीटरच्या घरात जातो. चॅनेलचं तोंड ओहोटीला कोरडं पडतं आणि भरतीला बुडून जातं.

बांधायचं कसं? उघड्या समुद्रात बोया टाकून नांगरू नका. नांगर, साखळी, पाण्याखालचा पाइप आणि पाणबुड्याची मजुरी यातच पैसे संपतील, आणि पहिल्याच पावसाळ्यात बोया पुळणीवर येईल. तुमच्याकडे कडा आहे, तर सांताक्रूझची वाट धरा. कड्यात अडीच मीटर व्यासाची विहीर, तळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या दीड-दोन मीटर खाली, आणि तिथून समुद्राकडे बोगदा. जांभ्यात विहीर पाडणारे कसबी लोक तुमच्याच भागात आहेत. मात्र किनाऱ्याचा जांभा सच्छिद्र असतो, आत पोकळ्या निघतात, म्हणून काँक्रीटचं अस्तर लागेलच. खाली कठीण खडक लागला तर उत्तम. आधी सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची परवानगी, मग कुदळ. किनाऱ्यावर खोदकाम परवानगीशिवाय करू नका, खर्च झाल्यावर काम थांबवलेलं मी पाहिलंय.

बोगदा आणि विहिरीतलं पाणी मिळून एक लंबक बनतो. त्या पाण्याची एकूण लांबी १२ मीटर असली की तो सात सेकंदांच्या आसपास झुलतो. तुमच्या उघडिपीच्या लाटेचा वेळही तोच आहे, त्यामुळे विहिरीतली हालचाल बाहेरच्या लाटेपेक्षा मोठी होऊ शकते. हे फुकट मिळणारं बक्षीस आहे, ते सोडू नका. बोगद्याचं तोंड फार रुंदही ठेवू नका. तोंडापाशी पाण्याचा वाया जाणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे लहान लाट सहज आत येते आणि मोठीचा बराच जोर तिथेच मोडतो.

पंप म्हणजे आपला गावातला हातपंप समजा. त्याचं सिलिंडर खाली पाण्यात असतं आणि वरून दांड्याने दट्ट्या ओढला जातो. इथे दांड्याला माणसाच्या हाताऐवजी तरंगक जोडायचा. सिलिंडर विहिरीच्या तळाशी पक्कं बसवायचं, ते कायम पाण्यात असल्यामुळे हवा शिरण्याचा त्रास नाही. लाट चढताना दट्ट्या पाणी ढकलतो, लाट उतरताना तो स्वतःच्या आणि दांड्याला लावलेल्या शंभर-दीडशे किलोच्या वजनाने खाली येतो आणि त्याच्यातल्या झडपेतून पाणी वर सरकतं. दांडा नेहमी ताणात राहिला पाहिजे. त्याला ढकलायला लावलं की तो वाकतो.

भरती-ओहोटीसाठी लोक गिअर आणि कप्प्यांची गुंतागुंत करतात. त्याची गरज नाही. सिलिंडर लांब घ्या, साडेचार-पाच मीटर. भरतीला दट्ट्या वरच्या भागात काम करेल, ओहोटीला खालच्या. दट्ट्याखाली उरलेल्या पाण्याने काही बिघडत नाही, कारण पाणी दाबलं जात नाही. हवेच्या पंपाला हे चाललं नसतं.

मोडतं कुठे? माझ्या अनुभवात पहिल्यांदा मोडतं ते टोकाला. दट्ट्या वर जाऊन आपटला, लाट अजून चढतेच आहे, आणि तरंगकाची पूर्ण तीन टनांची ओढ एका झटक्यात दांड्यावर येते. माझा पहिला दांडा असाच रात्रीत तुटला, आणि सकाळी तरंगक नुसता विहिरीत डुलत होता. तेव्हापासून मी तीन गोष्टी करतो. टोकाला जाड रबराचे बफर लावतो, दांड्यात मुद्दाम कमजोर पिन ठेवतो, कारण ती तुटली तर दहा मिनिटांत बदलता येते, आणि तरंगक हवा तेवढाच ठेवतो. तरंगक पूर्ण बुडाला की त्याची ओढ आणखी वाढत नाही, म्हणून त्याचा आकार हाच तुमचा फ्यूज आहे. तो पोकळ पत्र्याचा करू नका. फायबरचं कवच करा आणि आत फोम भरा, म्हणजे तडा गेला तरी तरंगत राहील.

दुसऱ्यांदा मोडतो तो वर जाणारा पाइप. दर सात सेकंदांनी पाणी धावतं आणि थांबतं. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं पाणी एकदम अडलं तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ किलोने उसळतो. एचडीपीई (जाड काळ्या प्लास्टिकचा) पाइप थोडा फुगतो, त्यामुळे तिथे ही उसळी साधारण चौथ्या हिश्श्याची असते. एचडीपीईच घ्या, आणि पंपाजवळच हवेची कोठी, म्हणजे आत कोंडलेल्या हवेवर पाण्याचा हिसका झेलणारी बंद टाकी, बसवा. कोठीतली हवा पाण्यात विरघळून कमी होत जाते, दर पंधरा दिवसांनी ती पुन्हा भरावी लागते. हे विसरलं की पाइप फुटतो. मी अशा ठिकाणी गेलोय जिथे पंपाला दोष देत होते आणि कोठीत हवेचा बुडबुडाही उरला नव्हता.

धातूंबद्दल. साधं ३०४ स्टेनलेस समुद्रात घालू नका, ठिपक्या-ठिपक्यांनी खाऊन जातं. ३१६ बरं, पण साचलेल्या पाण्यात, वॉशरच्या खाली तेही सडतं. सिलिंडर फायबरचं, बुश जाड प्लास्टिकचे, झडपा रबराच्या पट्ट्याच्या, कन्व्हेयर बेल्टचा तुकडाही चालतो. जिथे धातू लागेलच तिथे गनमेटल, म्हणजे तांब्या-कथलाचा मिश्रधातू. दोन वेगळे धातू एकमेकांना लावू नका, आणि लावावेच लागले तर जस्ताचा तुकडा बांधा, म्हणजे आधी तो झिजेल. शिंपले आणि कालवं काही आठवड्यांतच जाळीवर आणि पाइपात बसतात. घासला जाणारा सिलिंडर स्वच्छ राहतो, अडचण पाइपाची असते. पाइप दोन टाका आणि आळीपाळीने एक कोरडा ठेवा, पाणी तुटलं की आतले जीव मरतात. वाळू दट्ट्याच्या वायसरला खाते, म्हणून बोगद्याचं तोंड पुळणीपासून लांब, खडकाच्या बाजूला ठेवा. दिवसाला बारा हजार हिसके म्हणजे आठ महिन्यांत जवळजवळ तीस लाख. कोणताही भाग निवडताना हा आकडा समोर असू द्या.

पावसाळ्यात हे चालवायचं नाही. ३१ मेच्या आत चेनब्लॉकने तरंगक वर ओढा, कड्यावर बांधून ठेवा, बोगद्याच्या तोंडाला फळ्या घाला. होड्या वर ओढतात तेव्हाच. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र बसला की परत सोडा. विहिरीचा सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते हाच आहे, की यंत्र समुद्राच्या हातून काढून घेता येतं. त्या दोन-तीन महिन्यांत खाडीच्या तोंडाशी क्षारता घसरलेली असते, तुम्हालाही ते पाणी फारसं कामाचं नसतं.

कुणी गोड्या पाण्याचा विषय काढला तर वेगळा विचार लागेल. समुद्राचं पाणी पडद्यातून गाळायला दर चौरस सेंटिमीटरला ५५-६० किलोचा दाब हवा, म्हणजे तोच तरंगक आणि अगदी बारीक दट्ट्या. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात १९८० च्या दशकात असे बोये करून पाहिले होते. तुमच्या कामात आत्ता ते आणू नका.

विहीर खणायच्या आधी दोन कामं करा. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची काठी, दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा करून, लाट फुटत नाही अशा खडकापाशी पक्की बसवा. आठवड्यातून दोनदा मोबाइलवर वीस मिनिटांचं चित्रण घ्या, भरतीला एक आणि ओहोटीला एक. प्रत्येक लाटेची उंची लिहा, त्यांतल्या मोठ्या एक-तृतीयांशांची सरासरी काढा, दोन लाटांमधले सेकंद मोजा. ऑक्टोबर ते मे एवढं लिहून ठेवा. त्याच काळात जवळच्या धक्क्याच्या दोन खांबांमधे, बंदराची परवानगी घेऊन, ५० सेंटिमीटर व्यासाचा लहान तरंगक आणि ७५ मिलिमीटरचा दट्ट्या लावून पाहा. प्रमाण तेच राहतं, फक्त सगळं सोळापट लहान. बादली आणि घड्याळ घेऊन तासाला किती पाणी येतं ते मोजा. ०.८ मीटरच्या समुद्रात दट्ट्यावर तोच १२ मीटरचा दाब ठेवून तासाला पाचशे लिटरच्या आसपास पाणी आलं, तर माझे वरचे आकडे तुमच्या किनाऱ्याला लागू पडतात. त्याच्या निम्मंच आलं तर मला ती वही पाठवा, तरंगकाचा आकार आपण पुन्हा बसून काढू.